इस्त्रीच्या दुकानातील वर्ग बंद न करणेबाबत

प्रति,
मा. विभागीय शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
विभागीय शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : प्रभारी मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा, खाण रस्ता.

विषय : शाळेसमोरील इस्त्रीच्या दुकानात चालणारे साक्षरता केंद्र महिनाअखेर बंद न करणे, तसेच त्या केंद्राबाबत अर्जदाराकडून घडलेल्या एका लबाडीचा कबुलीजबाब स्वीकारणेबाबत.

संदर्भ :
१) आपले पत्र, "एका प्रौढ महिलेस साक्षर करण्यात एकोणीस स्वयंसेवक दोन वेळा अपयशी का ठरले याचा खुलासा".
२) आपले पत्र, "सदर महिला साक्षर झाल्याने केंद्र बंद करणेबाबत".
३) दि. १७ सप्टेंबर रोजीची आपली समक्ष भेट. (या भेटीचे कोणतेही पत्र नाही.)

महोदय,

संदर्भातील पहिली दोन्ही पत्रे अर्जदारास एकाच दिवशी, एकाच टपालाने मिळाली. पहिल्या पत्रात केंद्र अपयशी ठरले म्हणून जाब विचारला आहे आणि दुसऱ्यात ते यशस्वी झाले म्हणून बंद करण्यास सांगितले आहे. दोन्हींना एकाच अर्जाने उत्तर देण्याची मुभा असावी, कारण शाळेत उत्तर देणारे माणूस एकच आहे. नियमानुसार अर्जदाराने स्वतःचा उल्लेख सर्वत्र "अर्जदार" असा केला आहे. बावीस वर्षे "बाई" म्हणवून घेतल्यामुळे कुठे जीभ घसरल्यास क्षमा असावी.

१. शाळेत खोल्या दोन, वर्ग चार, मुले बासष्ट आणि शिक्षक दोन आहेत. पैकी सहशिक्षक गेली तीन वर्षे आपल्याच कार्यालयात "तात्पुरत्या" कामावर आहेत. संदर्भ क्र. १ च्या पत्राखाली टंकलेखकाची आद्याक्षरे आहेत ती त्यांचीच, हे अर्जदाराने ओळखले. त्यांची प्रकृती बरी असावी. टंकलेखन पूर्वीपेक्षा सुधारले आहे.

२. मागील वर्षी शाळेला दोघांनी दत्तक घेतले. एक शहरातील कंपनी आणि दुसरे एक सेवाभावी प्रतिष्ठान. दोघांचेही अर्जदारावर उपकार आहेत आणि पुढील मजकूर तक्रार म्हणून वाचू नये. कंपनीची माणसे एका शनिवारी येऊन भिंती रंगवून गेली. हसतखेळत, घाम गाळून रंगवल्या. फक्त "ज"च्या शेजारी जहाजाऐवजी बदक निघाले. पहिलीतील मुले ते अक्षर आजही "बदकाचा ज" म्हणून ओळखतात, पण ओळखतात. प्रतिष्ठानाने गोष्टीच्या पुस्तकांची एक पेटी दिली, ती हातोहात वाचून तिची पाने सुटली. त्याशिवाय एक मोठा डिजिटल फळा दिला. तो टांगायला आलेल्या कारागिराने भिंतीवर टिचकी मारली, कान लावला आणि "बाई, ही भिंत आपलं स्वतःचंच कसंबसं बघतीये," असे सांगून तो निघून गेला. तेव्हापासून फळा खोक्यातच आहे. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये तो खोक्यासह उभा केला आहे आणि दोन वर्गांचा आवाज वेगळा ठेवण्याच्या कामी अतिशय उपयोगी पडतो.

३. त्या वर्षीच्या तिसरीत एकोणीस मुले होती. प्रतिष्ठानाने घेतलेल्या पहिल्या चाचणीत त्यांपैकी पाच जणांना परिच्छेद वाचता आला. उरलेली चौदा मुले अक्षरांकडे अनोळखी पाहुण्यांकडे पाहावे तशी पाहत होती. अर्जदार एका वर्गाला वाचायला शिकवू लागली की बाकीचे तीन वर्ग छपरावर चढत. यात अतिशयोक्ती नाही. दोघे खरोखरच चढले होते.

४. शाळेच्या फाटकापासून चौदा पावलांवर इस्त्रीचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक लांब टेबल, एक कोळशाची इस्त्री आणि ती चालवणाऱ्या मावशी. वय साठीच्या आसपास, बोलणे मोजके, हात भरभर. कपडे बांधायला त्या रद्दीचे कागद वापरतात. शाळा सुटल्यावर घरचे माणूस न्यायला येईपर्यंत मुले त्या शेडच्या सावलीत उभी राहत. मागील वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी मावशींनी तिसरीतल्या एका मुलीला हाक मारली. ही मुलगी एकदा पेटली की तडतडत राहते म्हणून तिला सगळे लवंगी म्हणतात. मावशी म्हणाल्या, "अगं, मला मेलीला काही वाचता येत नाही. या कागदावर चोराचं चित्र आहे. त्यानं काय चोरलं ते सांग बरं."

लवंगी नापासांच्या चौदातली. पण चोर म्हटल्यावर तिला राहवेना. तिने एकेक अक्षर लावत, बोट ठेवत, एक ओळ वाचायला पाव तास घेतला. मावशींनी इस्त्री फिरवत सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "समजलं नाही. पुन्हा वाच." लवंगीने पुन्हा वाचले. मग आणखी दोघे तिच्या खांद्यावरून डोकावून तिच्या चुका काढू लागले. चोराने नळाची तोटी चोरली होती, हे चौथ्या खेपेला सर्वानुमते निश्चित झाले.

५. महिन्याभरात एकोणीसच्या एकोणीस मुले रोज तासभर तिथे वाचू लागली. मावशींनी कुणाला कधी शिकवले नाही. त्या फक्त विचारत. "मग त्याची सायकल मिळाली का?" "हा मंत्री आता रडतोय का हसतोय, नीट बघून सांग." "पुटपुटू नकोस रे बाबा, इस्त्रीच्या आवाजात ऐकू येत नाही." कागद फाटका असला की गोष्ट अर्धवट राही आणि मुले उरलेला तुकडा शोधत. समोरच्या औषधविक्रेत्याची विजार एकदा दोन दिवस उशिरा पोचली, कारण एका विहिरीत पडलेल्या उंटाचे पुढे काय झाले ते तिच्या भोवतीच्या कागदावर होते आणि वाचून संपेपर्यंत मुले पुडके हलवू देईनात. औषधविक्रेत्याने तक्रार केली नाही. उंट वर आला का, एवढेच विचारले.

डिसेंबरच्या चाचणीत एकोणीसपैकी सतरा मुलांनी परिच्छेद घडाघडा वाचला.

६. प्रतिष्ठानाच्या अहवालात या प्रगतीचे श्रेय डिजिटल फळ्याला मिळाले. फळ्याचा फोटो घ्यायला प्रतिष्ठानाच्या एक तरुण ताई आल्या. त्यांच्या हातात सदैव टॅबलेट असे, म्हणून मुले त्यांना टॅबलेटताई म्हणतात. त्यांनी खोके पाहिले, त्याची न फाडलेली चिकटपट्टी पाहिली आणि अर्जदारास हळूच विचारले, "बाई, मग हे झालं कसं?" अर्जदाराने त्यांना रस्ता ओलांडून नेले. टॅबलेटताई तासभर दुकानातल्या स्टुलावर बसून राहिल्या. टॅबलेट पिशवीत गेला तो बाहेर आला नाही. जाताना म्हणाल्या, "माझ्या अहवालात हे खरं खरं लिहीन. माझी नोकरी गेली तर मला इथं इस्त्रीला ठेवा." त्यांनी तसे लिहिले. नोकरी टिकली. प्रतिष्ठानाने अहवाल दुरुस्त करून छापला, ही गोष्ट त्यांच्याबद्दल अर्जदारास आवर्जून नोंदवायची आहे.

७. त्या दुरुस्त अहवालाची प्रत आपल्या कार्यालयात पोचली आणि तिथून आदेश आला, की नोंदणीकृत संस्था नसलेल्या व शैक्षणिक पात्रता नसलेल्या व्यक्तीकडे विद्यार्थी पाठवू नयेत. अर्जदाराने आदेश पाळला. तीन आठवडे मुले फाटकाच्या आत गजांना धरून उभी राहिली आणि मावशी टेबलामागे. त्या तीन आठवड्यांत दुकानात चार सदरे जळाले. पूर्वीच्या बावीस वर्षांत एकही जळाला नव्हता. मावशी म्हणाल्या, "नजर रस्त्यापलीकडे आणि हात इथं, असं हे काम होत नाही बाई."

८. वाट टॅबलेटताईंनी काढली. आपले कार्यालय आणि त्यांचे प्रतिष्ठान मिळून प्रौढ साक्षरता योजना चालवतात. तिच्या नियमांत तिसरी व त्यापुढील विद्यार्थी स्वयंसेवक शिक्षक होऊ शकतात आणि केंद्र "शिकणाऱ्याच्या सोयीच्या ठिकाणी" भरवता येते. मावशींना मुलांची शिक्षिका होता येत नव्हते, पण विद्यार्थिनी होण्यावर कुणाची हरकत नव्हती. अर्जदाराने नमुना भरला. शिकणारी एक, शिक्षक एकोणीस. मंजुरी सहा दिवसांत आली. अर्जदाराच्या सेवेतील ही सर्वांत जलद मंजुरी होय. दुकानावर पाटी लागली, मुले पुन्हा चौदा पावले ओलांडून गेली आणि काही काळ सगळे आनंदात होते.

९. इथून पुढे अर्जदाराचा गुन्हा सुरू होतो.

योजनेनुसार दर तीन महिन्यांनी परीक्षा होते आणि शिकणारी उत्तीर्ण झाली की केंद्र बंद होते. मार्चच्या परीक्षेआधी अर्जदार चिंतेत पडली. एकोणीस शिक्षकांच्या तावडीत सापडलेली बाई तीन महिन्यांत शिकणारच. अर्जदार मावशींकडे गेली आणि ओशाळून म्हणाली, "मावशी, अजून फार काही येत नसेल ना तुम्हाला?" मावशींनी इस्त्री उभी केली, हात पदराला पुसले, टेबलावरचा कागद उचलला आणि आतल्या पानावरचा सबंध अग्रलेख एका दमात, जोडाक्षरांसकट, विरामचिन्हांवर थांबत वाचून दाखवला. वर म्हणाल्या, "लिहिणाऱ्याला शेवट काही जमला नाही."

मावशी सातवी शिकल्या होत्या. पुढे आईच्या आजारपणात शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. रोज सकाळी मुले यायच्या आधी त्या सगळी रद्दी वाचून काढत आणि दुपारी पोरांना आवडेल असा कागद वर ठेवत. "मला येतं म्हटलं असतं तर पोरं कशाला वाचून दाखवतील बाई? मोठ्या माणसाला एखादी गोष्ट येत नाही, हे कळलं की पोरांच्या अंगात बळ येतं."

नमुन्यात "निरक्षर" असे लिहिले तेव्हा अर्जदारास ते खरेच वाटत होते. परंतु त्या दुपारनंतर ती गप्प बसली, ही गोष्ट खरी आहे आणि तिचा खुलासा देण्यास ती बांधील आहे.

१०. मार्चमध्ये मावशी ठरवून नापास झाल्या. पेपर कोरा सोडणे त्यांच्या नीटनेटक्या स्वभावाला जमेना, म्हणून त्यांनी प्रत्येक उत्तर विचारपूर्वक चुकवले. कपाच्या चित्राखाली "हत्ती" असे लिहिले, पण इतक्या सुबक अक्षरात की परीक्षकांनी शेरा दिला, "उत्तर चूक, शुद्धलेखन निर्दोष." जूनमध्ये त्यांनी सावधगिरी बाळगून शुद्धलेखनही चुकवले. ते चुकवताना आपल्याला फार यातना झाल्या, असे त्यांनी नंतर सांगितले. संदर्भ क्र. १ मधील दोन अपयशांचा खुलासा तो हा.

११. एक गोष्ट मात्र अर्जदाराच्या किंवा मावशींच्या ध्यानात आली नव्हती. जूनच्या निकालानंतर दुसऱ्या दिवशी लवंगीने डबा उघडला नाही. मधल्या सुट्टीत चौथीत गेलेली ती एकोणीस मुले डिजिटल फळ्याच्या खोक्यामागे बराच वेळ बसली होती आणि सुट्टी संपल्यावर त्यांनी अर्जदाराच्या टेबलावर एक अर्ज आणून ठेवला. तो जसाच्या तसा देत आहे. चुका दुरुस्त केलेल्या नाहीत.

"प्रति, मोठ्या बाई. विषय, आम्हाला काढून टाकणे. बाई, मावशी दोनदा नापास झाल्या. त्या हूशार आहेत. आम्ही सांगतो ते त्या लक्ष देऊन ऐकतात आणि मधे बोलत नाहीत. म्हणजे चूक आमची आहे. आम्हाला शीकवता येत नाही. आम्हाला काढा आणि मावशींना चांगला मास्तर द्या. पण रागावणारा नको, त्या नापास झाल्यावर हसतात पण त्यांना वाईट वाटत असणार. आपले, एकोणीस जण."

अर्जदाराने तो अर्ज रस्त्यापलीकडे नेऊन मावशींना दिला. त्यांनी तो स्वतः वाचला. दोनदा वाचला. मग नीट घडी घालून अर्जदाराच्या हातात परत दिला. म्हणाल्या, "बाई, आता बास. तुमचं केंद्र राहो नाहीतर जावो, मी या पोरांना नापास करणार नाही."

१२. सप्टेंबरच्या परीक्षेत मावशींना शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. निकाल लागला तेव्हा मुले नाचत रस्त्यावर आली. लवंगीने दुकानापुढे उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगितले, "आमच्या मावशी पास झाल्या, आम्ही शिकवलं!" औषधविक्रेत्याने दुकानाची पायरी उतरून एकोणीस जणांशी हस्तांदोलन केले. दोन गुण मुद्दाम सोडल्याचे मावशींनी अर्जदारास खासगीत सांगितले. मास्तरांना पुढच्या वेळी समजावून सांगायला काहीतरी शिल्लक हवे, एवढाच त्यामागचा हेतू.

त्या एकोणीस मुलांना मावशी आधीपासून साक्षर होत्या हे आजही माहीत नाही. हा अर्ज त्यांच्या हाती पडू नये अशी विनंती आहे, कारण आता ती सगळी कागदपत्रे वाचतात.

१३. दोन नापास निकालांनंतर एकदम अठ्ठ्याण्णव गुण पाहून आपणास शंका आली आणि दि. १७ रोजी आपण स्वतः पडताळणीस आलात. मावशी एका गिऱ्हाइकाचा कोट संपवत होत्या म्हणून आपण स्टुलावर बसलात. तेथे बसणाऱ्या प्रत्येकाला लवंगी जे विचारते तेच तिने आपल्याला विचारले, "साहेब, तुम्हाला वाचता येतं का?"

बाकीची अठरा मुले भोवती गोळा झाली. आपण तिच्याकडे पाहिलेत, मावशींकडे पाहिलेत, हातातील फाइल मांडीखाली सरकवलीत आणि म्हणालात, "नाही गं."

त्यानंतर लवंगीने आपल्याला हरवलेल्या पोपटाची जाहिरात वाचून दाखवली. आपल्याला ती समजली नाही. तिने पुन्हा वाचली. आपण विचारलेत, पोपट कोणत्या रंगाचा, मालक कुठे राहतात, बक्षीस कशासाठी. आपल्या गाडीचा हॉर्न बाहेर तीनदा वाजला. आपण उठलात तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती आणि पडताळणी करायची राहून गेली होती.

१४. आता मागणी. या वर्षीच्या तिसरीत सोळा मुले आहेत, त्यांपैकी चौघांना वाचता येते. बाकीची बारा दुकानाच्या दारात आपली पाळी कधी येते म्हणून उभी आहेत आणि केंद्र महिनाअखेर बंद होत आहे. त्याच जागी दुसऱ्यांदा केंद्र उघडायचे तर नियम ९ प्रमाणे पहिल्यासारखी एक शिकणारी चालत नाही, किमान बारा निरक्षर प्रौढ लागतात. ही बातमी रस्त्यावर पसरताच अकरा जण आपणहून निरक्षर व्हायला आले. त्यात औषधविक्रेता आहे, शिंपी आहे, दवाखान्यातील परिचारिका आहे आणि चौतीस वर्षे घरोघर पत्रे वाटलेले निवृत्त पोस्टमनही आहेत. पोस्टमन म्हणाले, "डॉक्टरांचं अक्षर मला अजून लागत नाही, तेवढं तरी निरक्षर धरा." अकराव्या मावशी स्वतः. त्यांचे म्हणणे असे, की दोन गुणांपुरत्या त्या पात्र आहेत.

परंतु अर्जदाराने एकदा गप्प राहून जे केले ते तिला पुन्हा करायचे नाही. म्हणून या अकराही नमुन्यांत तिने "निरक्षर" हा छापील शब्द खोडून तेथे "ऐकणारा" किंवा "ऐकणारी" असे लिहिले आहे आणि प्रत्येक खाडाखोडीवर सही केली आहे. आपण या एका शब्दाच्या बदलास मंजुरी द्यावी, एवढीच विनंती. खोट्या माहितीबद्दल अर्जदारावर जी कारवाई व्हायची ती अवश्य व्हावी. फक्त ती शाळेच्या वेळेत होऊ नये, कारण त्या वेळेत चार वर्ग सांभाळायला दुसरे कुणी नाही. सहशिक्षक परत मिळाल्यास कारवाई कोणत्याही वेळी चालेल.

राहता राहिला बारावा नमुना. तो अर्जदाराने आपल्या नावाने भरून सोबत जोडला आहे. त्यात मात्र "निरक्षर" हा शब्द खोडलेला नाही. एकोणीस साक्षीदारांसमोर आपण स्वमुखाने दिलेला जबाब बदलण्याचा अधिकार अर्जदारास नाही. आपणास खोडायचा असल्यास आपण खोडावा. सही कुठे करायची ते पेन्सिलीने दाखवले आहे. लवंगीने विचारले आहे, की साहेबांना गुरुवार सोयीचा आहे का. पोपट सापडला असून ती बातमी तिने कुणाला वाचू दिलेली नाही.

आपली नम्र आणि, वर कबूल केलेली बाब वगळता, आज्ञाधारक,

(सही)
प्रभारी मुख्याध्यापिका
प्राथमिक शाळा, खाण रस्ता

दिनांक : ८ ऑक्टोबर

सोबत :
१) ऐकणाऱ्यांचे अकरा नमुने, खाडाखोडीसह.
२) मार्च, जून व सप्टेंबरच्या उत्तरपत्रिका. (हत्तीचे पान दुमडले आहे.)
३) एकोणीस शिक्षकांचा राजीनाम्याचा अर्ज. नामंजूर केला आहे.
४) बारावा नमुना, एक प्रत, सहीविना.